लिंब पाण्यात उभा होता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेंढरं धुतली. सगळी नाही, निम्मी.

मेंढरं धुणं हे एकट्याचं काम नव्हे. लोकर कातरायच्या आधी मेंढरू पाण्यात घालून चोळावं लागतं. अंगातली माती आणि कुसळं तशीच राहिली तर कातर चालत नाही. एकानं मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून मेंढराचं डोकं धरायचं, नाकपुड्या पाण्याच्या वर ठेवायच्या, आणि दुसऱ्यानं अंग चोळायचं. आमच्यात डोकं बायको धरायची. मेंढरू तिच्या हातात गप राहायचं. माझ्या हातात राहत नसे, कारण मी ओरडतो. माझा आवाजच तसा आहे, पहिल्यापासून. म्हणून मी चोळायचो.

इतक्या वर्षांच्या सरावानं त्या कामात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणायचो, "धर." ती धरायची. झालं की म्हणायचो, "सोड." ती सोडायची. सोडताना धुतलेल्या मेंढराच्या कपाळावर गेरूचं बोट ओढायची, म्हणजे तेच परत पाण्यात यायला नको. मेंढरू काठावर जाऊन सगळं अंग झाडायचं आणि उन्हात वाफाळत उभं राहायचं. दिवसभरात आमच्यात एवढेच दोन शब्द.

माघ सरत आला होता. सकाळचं पाणी लय गार, म्हणून ऊन चांगलं वर आल्यावर उतरलो. आमच्या पुढं चार हातांवर लिंब उभा होता. पाण्यात, कमरेएवढ्या. कोणी त्याला कडुनिंब म्हणतं, आम्ही लिंब म्हणतो. अंगावर पान नव्हतं, आणि खोडाला तिची जुनी काळी घोंगडी गुंडाळलेली होती. पाणी इतकं निवांत होतं की दुसरा एक लिंब खाली डोकं करून पाण्यात उभा दिसायचा, त्यालाही घोंगडी. मेंढरू हललं की खालचा लिंब मोडायचा. मेंढरू सुटून गेलं की परत जुळायचा.

दुपार व्हायच्या आतच ती म्हणाली, "आजच्यापुरतं बास. उरल्याली उद्या धुऊ."

असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. काम निम्म्यावर सोडलेलं मला खपत नाही हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "निम्म्यावर कोन सोडतं?"

"मेंढरं कुठं पळून चालल्यात?"

आणि ती पाण्याबाहेर आली, लुगड्याचा ओचा पिळला आणि बांधावर जाऊन लिंबाकडं तोंड करून बसली. मी दोन मेंढरं एकट्यानं धुवायचा प्रयत्न केला. एकानं मला पाण्यात पाडलं. ती बांधावरून हसली. तेवढं हसणं मला आजही ऐकू येतं. मग आम्ही घरी गेलो.

आता हा लिंब पाण्यात कसा आला ते सांगतो.

आमचं गाव कोरड्या अंगाचं. एका बाजूला विटा, दुसऱ्या बाजूला औंध, आणि मध्ये माळ. ऊस बघायचा तर आम्हाला नदीकाठच्या पाहुण्यांकडं जावं लागायचं. गावाखाली एक ओढा, पावसाळ्यात दोन महिने वाहायचा आणि मग वाळू. त्या ओढ्याच्या काठाला हा लिंब. किती वर्षांचा ते कुणी सांगू शकत नव्हतं. माझ्या आज्यानं त्याला असाच बघितला होता. तिघांनी हात धरले तरी खोड कवेत येत नव्हतं. चैत्रात मोहोर आला की सगळ्या गावाला वास यायचा, गोड, जरा कडवट, झोपेत आल्यासारखा. त्या दिवसांत माणसं हळू बोलायची असं मला वाटतं. निदान मी तरी बोलायचो.

सडकेवरून गावाकडं येताना एक टेक लागतं. त्या टेकावर एस.टी. चढली की लिंबाचा शेंडा दिसायचा. गावची पोरं सोनं गाळायच्या दुकानांवर लांबलांबच्या शहरांत गेलेली, काही पलटणीत गेलेली. वर्ष-दोन वर्षांनी येताना टेक आलं की खिडकीतून माना बाहेर काढायची. लिंब दिसला की पिशव्या गोळा करायची. कंडक्टरला गावाचं नाव सांगावं लागत नसे, लिंबाला उतरायचं म्हटलं की तो घंटी मारायचा.

बायकोचं म्हणणं तर असं होतं की औंधाच्या डोंगरावरून आमचा लिंब दिसतो. पौषात यमाईला जायचो तेव्हा पायऱ्या चढून वर गेलं की ती कपाळावर हात धरायची आणि म्हणायची, "त्यो बगा." मला कधी दिसला नाही. तेवढ्या लांबून ओढ्यातलं झाड कसं दिसेल? मी तसं तोंडावर सांगायचो. ती म्हणायची डोळं तपासून घ्या. दर वर्षी हेच. देवीपुढं नारळ फोडायच्या आधी हे भांडण व्हायचं, आणि उतरताना ती एकटीच खुशीत असायची.

लिंबाखाली आमचा देव होता, शेंदराचा दगड. आणि दुपारी मेंढरं बसायची. उन्हाळ्यात मेंढरांना सावली मिळाली नाही तर ती एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात आणि तशीच उभी राहतात. लिंबाखाली मात्र पाय मुडपून बसायची, रवंथ करायची, डोळे मिटायची. मी आडवा व्हायचो. ती सूत कातत बसायची. पिकलेल्या लिंबोळ्या अंगावर पडायच्या. नवरी होऊन आली तेव्हा वरात लिंबाखाली थांबली होती, आणि गाडीतून खाली पाय ठेवला तेव्हा तिच्या डोक्यावर पहिल्यांदा लिंबोळ्याच पडल्या, अक्षता नंतर. ती हे सांगायची तेव्हा दर वेळी लिंबोळ्या वाढायच्या. शेवटी शेवटी तर पाटीभर झाल्या होत्या.

मग तो मोठा दुष्काळ आला. त्याचं मी फार सांगत नाही, ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. सरकारनं कामं काढली. आमच्या ओढ्यावर पाझर तलाव धरला. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरेल आणि खालच्या विहिरींना येईल. सगळा गाव कामावर. मी खणायचो, ती पाटी वाहायची. संध्याकाळी खायला सुकडी मिळायची, त्यातली थोडी ती मेंढरांनाही चारायची, चोरून.

बांध जसा वर आला तसं ध्यानात आलं की लिंब आतल्या अंगाला येतोय. पाणी भरलं की पाण्यात जाणार. कामावरचा साहेब तरुण होता, वाईट नव्हता. तो म्हणाला की आतली झाडं तोडायची असतात, लाकूड गावाला जळणाला घ्या. जळणाची तर मारामार होती. काहीजण कुऱ्हाडी आणायच्या गोष्टी करायला लागले. देवाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, पण भुकेला माणूस ठरलेलं विसरतो.

तेव्हा हिनं डोक्यावरची पाटी खाली टाकली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"सायेब," ती म्हणाली, "आमच्या हितं झाडं मरत्यात ती पान्यावाचून. पान्यात उबं ऱ्हाऊन कवा झाड मेलंय?"

साहेबानं सगळ्यांकडं बघितलं. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरंच, कुणी बघितलं होतं? जन्मभर आम्ही झाडाला, माणसाला, मेंढराला एकच दुखणं बघितलेलं, पाणी नाही हे. जास्त पाण्याचं दुखणं असतं हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. नदीकाठच्या एखाद्या माणसानं ऐकलं असतं तर तो हसला असता. पण तिथं नदीकाठचा कुणी नव्हता, आणि साहेबही कोरड्याच मुलखातला असावा. तो म्हणाला, राहू द्या मग.

माझा चुलतभाऊ, गावातला चेष्टेखोर माणूस, तो म्हणाला, "लिंबाची मजा हाय गड्या. आमी घोटाघोटाला म्हाग, आन ह्यो तळ्यात उबा ऱ्हाऊन पिनार." सगळे हसले. त्या वर्षात लोक फार हसत नव्हते म्हणून ध्यानात आहे.

देवाला मात्र हलवला. ढोल लावून, अंगारा फुंकून, दगड उचलून बांधावर आणून बसवला. देव उठवता येतो, झाड उठवता येत नाही. त्या दिवशी बायको लिंबाला म्हणाली, देव वर बसून तुझ्याकडं बघंल, तू खाली उभं राहून पाणी राख. मी ऐकत होतो. झाडाशी बोलायची तिची सवय जुनी होती.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या अंगानं पाणी आलं आणि तलाव भरला. आमच्या गावानं एवढं पाणी एका जागी कधी बघितलं नव्हतं. माणसं दिवसभर बांधावर बसून राहायची. कुणी काही करत नव्हतं, नुसतं बघायचं. पाणी लिंबाच्या मुळाशी आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं आणि थांबलं. हिरवागार लिंब पाण्याच्या मधोमध. वारा पडला की वरचा लिंब आणि खालचा लिंब सारखेच. ढग दोघांच्या फांद्यांतून जायचे. कुठून तरी काळी, लांब मानेची पाखरं आली. आमच्याकडं त्यांना नावही नव्हतं. ती लिंबावर पंख पसरून वाळत बसायची, धुणं टाकल्यासारखी. त्या दिवसांत गाव जागं होतं का झोपेत होतं, मला सांगता येत नाही. मेंढरं पाणी पिताना लिंबाची पानं पीत होती असं दिसायचं.

बायको म्हणाली, "येक लिंब हुता, आता दोन झालं."

हिवाळ्यात पानं पिवळी पडली. ती नेहमीही पडतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पाडव्याला तांबूस पालवी येते, ती अर्ध्याच झाडाला आली. गुढ्यांना डहाळ्या कमी पडल्या. लोकांनी दुसरीकडून आणल्या. विहिरींना पाणी आलं होतं, पहिल्यांदा कांदा लावला होता, कुणी गहू घेतला होता. पाणी मिळालेला माणूस झाडाबद्दल तक्रार कशाच्या तोंडानं करील? चुलतभाऊ म्हणाला, जन्मभर कोरडी भाकर खाल्लेल्याला एकदम पुरणपोळी चारली, पोट बिघडलं, होईल बरं. गावानं देवाला कोंबडं कापलं. दृष्ट काढली.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली तो गारठलाय. दिवसरात्र पाण्यात उभं राहिलेल्याला गारठा होणारच. आणि एके दिवशी तिनं स्वतःची घोंगडी घेतली, पाण्यात उतरली आणि लिंबाच्या खोडाला गुंडाळून बांधली. खोड एवढं मोठं की घोंगडी पुरली नाही, मग सुतळी जोडून बांधली. ती घोंगडी आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, तिनंच कातलेल्या सुताची. मी बांधावरून म्हटलं की याचा काही उपयोग नाही. ती म्हणाली, उपयोग नसला तर नसू दे, आजाऱ्याला पांघरूण घालायचं असतं. बाया हसल्या. पण मला पुढं कळलं की दोघीतिघींनी गुपचूप जाऊन सुतळी घट्ट केली होती.

दुसऱ्या पाडव्याला शेंड्याच्या एकाच फांदीला पालवी आली. पावसाळ्यानंतर तीही गेली. त्यानंतर माघ आला आणि आम्ही मेंढरं धुवायला उतरलो, ते वर सांगितलं.

त्या संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. सकाळी ताप. मला वाटलं दोन दिवसांत उतरेल. विट्याच्या डॉक्टरांनी सुई दिली, छाती भरली आहे म्हणाले, म्हातारपण आहे म्हणाले. परत घरी आणलं. गाडीतून येताना टेकावर तिनं मान उचलली. लिंब दिसला का ते मी विचारलं नाही.

मग रोज एकच चाललं. मी मेंढरं पाण्यावर नेऊन परत आलो की ती अंथरुणातून विचारायची, "फुटला का?"

मी सांगायचो, "न्हाई."

मला खोटं बोलता येत नाही. यात मोठेपणा काही नाही, जीभच तशी आहे. शेजारच्या बाया मला बाजूला घेऊन म्हणायच्या, आवं, सांगा की जरा पालवी आलीया म्हणून, तेवढंच बरं वाटंल तिला. मी म्हणायचो, तिला डोळे आहेत, उठली की बघेल, मग काय सांगू? त्या कपाळाला हात लावायच्या. आणि ती आतून म्हणायची की त्यांच्या मागं लागू नका, त्यांच्या तोंडून गोड बोलणं काढायचं म्हणजे लिंबाला आंबा लावायचा.

पण ती विचारायची थांबली नाही. मला कळत होतं ती का विचारते. तोडायचा म्हणत होते तेव्हा तिनं पाटी टाकली होती. तिच्या शब्दावर तो पाण्यात उभा राहिला होता. गावात कुणी तिला बोल लावला नाही, कारण सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या. पण तिच्या मनात ते होतं. लिंब एकदा फुटला असता, एखाद्या डहाळीला का होईना, तर तिचा शब्द राहिला असता. तिला तेवढंच पाहिजे होतं. औषध ती माझ्यासाठी घेत होती.

होळी जवळ आली. पाणी आटत चाललं होतं, लिंबाचे गुडघे उघडे पडले होते. एके दिवशी तिन्हीसांजेला मेंढरं घेऊन निघालो आणि सहज मागं बघितलं, तर शेंड्याच्या त्या फांदीला तांबूस काहीतरी. मी थांबलो. बारीक बारीक, तांब्याच्या रंगाचं, लिंबाची पालवी असते तसंच. बराच वेळ बघत राहिलो. मेंढरं पुढं गेली तरी मी उभा.

घरी आलो. तिनं विचारलं, "फुटला का?"

मी म्हटलं, "शेंड्याला तांबूस दिसतंय."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली की सकाळी नीट बघून या.

सकाळी मी मेंढरं सोडायच्या आधी गेलो. पाण्यात उतरून लिंबाच्या बुडाशी गेलो, मान मोडेपर्यंत वर बघितलं. तांबूस काही नव्हतं. काळ्या काटक्या होत्या. आदल्या दिवशीचं मावळतीचं ऊन होतं ते, सालीवर पडलेलं. मी खोडाला हात लावून उभा राहिलो. घोंगडी ओली होती, तिच्यावर शेवाळ धरलं होतं. साल हाताखाली सुटून आली, भिजलेल्या भाकरीसारखी.

परत येताना मी काय सांगायचं ठरवलं होतं ते सांगतो. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. दुसरं काही ठरवायचं मला सुचलंच नाही.

दारात आलो तर ती माझ्याकडंच बघत होती. मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला, मेंढराला थोपवताना करायची तसा.

"सांगू नका," ती म्हणाली. "काल तांबूस हाय म्हनलासा न्हवं? बास झालं."

मी तोंड मिटलं. तिच्याजवळ बसलो. तिनं विचारलं मेंढरांना पाणी दाखवलं का. मी म्हटलं आता दाखवतो. ती म्हणाली उरलेली तशीच राहिली, त्यांच्या अंगात कुसळं किती झाली असतील. मी म्हटलं, तू उठ, मग धुऊ. हेही मी खरंच म्हणत होतो.

ती उठली नाही. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

पोरगा पलटणीत, त्याला तार केली. तो आला तो उलट्या बाजूनं चालत. टेक आलं तेव्हा तो खिडकीतून बघत होता, हिरवा शेंडा शोधत होता, दिसला नाही म्हणून अजून गाव यायचंय असं समजून बसून राहिला. पुढच्या थांब्यावर कळलं. तिथं उतरून खांद्यावर ट्रंक घेऊन माळानं परत चालत आला. लिंब वाळला हे त्याला माहीत नव्हतं. कोण कळवणार? झाड वाळलं म्हणून कुणी तार करतं का? आईच्या आधी त्यानं मला लिंबाचंच विचारलं. आईचं विचारायचं धाडस होत नव्हतं म्हणून असेल. मी दोन्हीचं एकदम सांगितलं.

दिवस झाले, पोरगा परत गेला. लोकर तशीच राहिली. सुतकात कातर चालवत नाहीत, आणि सुतक सरल्यावर माझाही हात चालेना. निम्म्या मेंढरांच्या कपाळावर तिचं गेरूचं बोट होतं, फिकट झालेलं. निम्म्यांच्या नव्हतं. कळपाकडं बघितलं की डोळे आपोआप वाटणी करायचे.

पाडव्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. वारा अजिबात नव्हता. मेंढरं बांधाच्या कडेला एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. मी बांधावर देवाच्या दगडापाशी बसलो होतो, तिची बसायची जागा तीच. तलावात आता थोडंच पाणी होतं, पण लिंबाभोवती होतं, आणि खालचा लिंब स्वच्छ दिसत होता. मला डुलकी लागली असावी. आवाज आला. मोठा नाही. जुनं लुगडं कुणीतरी हळूहळू फाडावं तसा. डोळे उघडले तर लिंब वाकत होता.

तो घाईनं पडला नाही. वरचा लिंब खाली यायला लागला आणि पाण्यातला लिंब वर यायला लागला. दोघं एकमेकांकडं झुकत आले, फांदीला फांदी लागली आणि भेटले. मग दोन्ही नव्हते. पाण्याला वर्तुळं उठली, ती सावकाश येऊन बांधाला लागली. मेंढरांनी डोकी वर काढली, बघितलं आणि परत खाली घातली. काळी पाखरं आभाळात गोल फिरत राहिली. त्यांना बसायला जागा सापडेना.

मी उठलो नाही. उठून काय करणार होतो?

आवाज गावात गेला नसेल, पण माणसं आली. एकेक करत बांधावर उभी राहिली. मुळं कुजून काळी झाली होती, सगळी वर आली होती, चिखलासकट. खोड काठाकडं आडवं पडलेलं, अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर. चुलतभाऊ आला. तो काहीतरी चेष्टेचं बोलेल म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "तवाच तोडला असता तर वाळल्यालं लाकूड तरी मिळालं असतं." मग स्वतःच म्हणाला, "बरं झालं न्हाई तोडला." आणि डोक्याचा पटका काढून हातात धरला.

लाकडाचं काय करायचं ते लोकांनी मला विचारलं. झाड काही माझं नव्हतं. खोडावर तिची घोंगडी होती म्हणून विचारलं असेल. मी म्हटलं, पडू दे. कुणी वाद घातला नाही. पाणी चांगलं आहे, विहिरी भरल्यात, यंदा उन्हाळा निभेल, असं कुणीतरी म्हणालं. ते खरं होतं. मी त्याच पाण्याचे गहू खातो. त्या पाण्याला मी शिवी देणार नाही. पण त्या दुपारी तिथं उभं राहून ते बोलायला नको होतं.

आमच्या घरी त्या पाडव्याला गुढी नव्हती. सकाळी गावात गुढ्या उभ्या राहिल्या, लिंबाच्या डहाळ्या लोकांनी कुठून कुठून आणल्या होत्या. मी चहा केला, मेंढरं सोडली आणि तलावावर आलो. कपाळावर गेरू असलेली आणि नसलेली वेगळी केली. गेरूवालीही आता परत मळली होती, पण ती तिनं धरलेली होती, ती मी परत धुतली नाहीत. कातर बोथट होईल ती होऊ दे.

एकट्याचं काम नव्हे ते, सांगितलंच आहे. म्हणून पडलेल्या लिंबाच्या खोडाला दोरी बांधली. तिथं पाणी मांडीएवढं होतं. मेंढराचं डोकं खोडावर येईल, नाकपुड्या वर राहतील, अशी दोरी आखूड घेतली. खाली तिची घोंगडी होतीच, ओली, मऊ. मेंढरांनी मान टाकली. गप राहिली. मला वाटलं होतं धडपडतील. पण मी ओरडलो नाही म्हणून असेल.

ऊन चढत गेलं. मी चोळत होतो. माती सुटून पाणी गढूळ होत होतं आणि परत निवळत होतं. एकेक मेंढरू झालं की काठावर जाऊन अंग झाडत होतं. कुणाच्या कपाळावर बोट ओढायचं मला सुचलं नाही, आता गरजही नव्हती.

शेवटचं मेंढरू राहिलं, म्हातारी मेंढी. तिला नीट धुतलं, पोटाखालून, मानेखालून. झाल्यावर सवयीनं म्हटलं, "सोड."

मेंढी उभीच राहिली. मी वाट बघितली. मग पाण्यातून पलीकडं गेलो आणि दोरी मी सोडली.